जुन्या घरात सेंट्रल एसी : नाशिकचे वाडे आणि बंगले

सेंट्रल एसी म्हणजे घरात एका ठिकाणी हवा थंड करायची, ती डक्टमधून खोल्याखोल्यांत पोचवायची आणि खोल्यांतली तापलेली हवा पुन्हा त्याच यंत्राकडे आणायची. नव्या इमारतीत डक्टची जागा नकाशातच राखलेली असते. जुन्या घरात ती शोधावी लागते आणि शोधताना लाकूड, भिंती व छप्पर यांना धक्का लागणार नाही हे पाहावे लागते. म्हणून जुन्या घरात कामाचा क्रम ठरलेला असावा : आधी घराची तपासणी, मग ऊन रोखण्याचे उपाय, मग किती टनांचे यंत्र लागेल याचा हिशेब आणि सर्वांत शेवटी यंत्राची निवड. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. आधी यंत्र ठरते आणि मग त्याला बसवण्यासाठी घर फोडले जाते. त्यातून गरजेपेक्षा मोठे यंत्र, वाढते वीजबिल आणि पाझरणाऱ्या पाण्याने कुजणारे लाकूड अशी तिहेरी किंमत मोजावी लागते.

नाशिकची हवा

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. मार्च ते मे या काळात दुपारचा पारा ३८ ते ४० अंशांच्या घरात जातो, काही दिवस त्याच्याही वर चढतो. पण या महिन्यांत हवा कोरडी असते आणि रात्री पारा चांगला उतरतो. जून ते सप्टेंबर हवा दमट, पण तापमान कमी. हिवाळ्यात किमान तापमान अनेकदा १० अंशांच्या खाली जाते. मुंबईत एसीला वर्षातले बरेच महिने उष्म्याशी आणि घामट हवेशी झगडावे लागते. नाशिकमध्ये त्याचे खरे काम अडीच-तीन महिन्यांचे, आणि त्यातही दुपार ते मध्यरात्र एवढेच. एवढ्या मुदतीसाठी किती तोडफोड आणि किती खर्च करायचा, हे सुरुवातीलाच ठरवलेले बरे.

दोन प्रकारची जुनी घरे

शहरातील जुनी घरे ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार गावठाणातल्या वाड्यांचा : पंचवटी, भद्रकाली, रविवार कारंजा, तिळभांडेश्वर लेन, सराफ बाजार या परिसरांतले. दगडी जोते, सागवानी खांब आणि तुळया, कडीपाटाचे छत, माती किंवा चुन्यात बांधलेल्या दीड-दोन फुटी भिंती, मध्ये चौक आणि वर कौले किंवा पत्रे. दुसरा प्रकार गंगापूर रोड, कॉलेज रोड, नाशिकरोड या भागांत १९६० ते १९८० च्या दशकांत बांधलेल्या बंगल्यांचा : विटांच्या भारवाही भिंती, सिमेंटचा स्लॅब आणि दहा फुटांच्या आसपास उंचीच्या खोल्या.

दोन्ही प्रकारच्या घरांत उष्णता वेगळ्या वाटेने येते. वाड्याचा तळमजला जाड भिंतींमुळे दुपारीही बराच गार राहतो, माडी मात्र पत्र्याखाली भट्टीसारखी तापते. बंगल्यात स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता संध्याकाळी सहानंतर खोलीत सोडतो, म्हणून तिथे रात्रीचा उकाडा जास्त. त्यामुळे दोन्हीकडचे उपायही वेगळे असतात.

पहिली पायरी : घराची तपासणी

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी अपेक्षित आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर नाशिक महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. अशी नोटीस आलेल्या घरात एसीचा विचार दुरुस्तीनंतरच करावा. नोटीस नसली तरी डक्ट, छताखालचे युनिट आणि फॉल्स सीलिंग यांचे वजन नेमके कुठे येणार आहे हे इंजिनिअरला दाखवून त्याचे लेखी मत घ्यावे.

वाड्यात सर्वांत नाजूक जागा म्हणजे तुळईचे भिंतीत शिरलेले टोक. तुळई मधोमध धडधाकट दिसते, पण भिंतीतल्या ओलीने टोक आतून पोकळ झालेले असते. लाकडी मुठीने ठोकल्यावर भरीव लाकूड टणक वाजते, पोकळ लाकूड बद्द वाजते. अणकुचीदार पेचकस टोकाशी दाबून पाहावा. तो सहज आत शिरला तर लाकूड कुजले आहे. तुळईवर मातीच्या बारीक नळ्या धावताना दिसल्या तर वाळवी आहे. आधी वाळवीचा बंदोबस्त, मग पुढचे काम.

तुळईला खाच पाडून डक्ट किंवा पाइप नेणे हा जुन्या घरातला सर्वांत महाग पडणारा अपराध. तुळईची वाकण सोसण्याची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १२ इंच उंचीच्या तुळईला तळातून ३ इंच कापले तर उंची ९ इंच उरते. १२ चा वर्ग १४४ आणि ९ चा ८१, म्हणजे त्या जागी ताकद जवळजवळ ४४ टक्क्यांनी घटते. हा तोटा मागाहून भरून निघत नाही. म्हणून डक्टने तुळईच्या खालून किंवा बाजूने वाट काढावी, तुळईतून कधीही नाही.

कायद्याची आणि शेजाराची बाजू

अनेक वाड्यांत मालकाबरोबर जुने भाडेकरू राहतात, आणि वाटण्या न झालेल्या वाड्यात भाऊबंदांचे हिस्से असतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये मालकाच्या लेखी संमतीविना कायमस्वरूपी बांधकाम करणे हे भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे एक कारण मानले आहे. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात, आवश्यक तेथे महापालिकेची परवानगी घेऊन केलेले फॉल्स सीलिंग आणि एसी बसवणे यांना कायमस्वरूपी बांधकामातून वगळले आहे. तरीही सामाईक भिंत फोडणे, छतावर यंत्र ठेवणे किंवा चौकात पाइप उतरवणे यासाठी मालकाची आणि इतर हिस्सेदारांची संमती कागदावर घेतलेली बरी. घर वारसा यादीत असेल तर दर्शनी बाजूला काहीही लावण्यापूर्वी महापालिकेकडे विचारणा करावी. आउटडोअर युनिट रस्त्याकडच्या सज्जावर न ठेवल्यास वाड्याची शोभाही टिकते.

दुसरी पायरी : ऊन बाहेरच अडवणे

माडीवरची १२ फूट बाय १५ फुटांची, उघड्या पत्र्याखालची खोली घेऊ. छताचे क्षेत्रफळ १८० चौरस फूट, म्हणजे सुमारे १६.७ चौरस मीटर. मे महिन्यात दुपारी पत्रा ६० अंशांच्या आसपास तापतो. खोली २६ अंशांवर ठेवायची म्हटली तर फक्त छतातून सुमारे २७०० वॉट उष्णता आत येते. एसीचा एक टन म्हणजे सुमारे ३५०० वॉट. म्हणजे पाऊण टनाचे यंत्र निव्वळ पत्र्याशी झुंजण्यात खर्ची पडते. त्याच पत्र्याखाली ५० मिलिमीटर जाडीचा रॉकवूलचा थर देऊन खाली फळ्या मारल्या तर हीच उष्णता ४०० वॉटच्या आत येते. छताच्या या एका कामाने यंत्राचा आकार निम्म्यावर येऊ शकतो, आणि हा फायदा यंत्र बंद असतानाही मिळत राहतो.

बंगल्याच्या स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चायना मोझाइक करावे. वॉटरप्रूफिंग जुने झाले असेल तर ते याच वेळी उरकावे. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली हवी : छज्जा, चिक किंवा वाळ्याचा पडदा. काचेच्या आतून लावलेला पडदा उजेड अडवतो, पण उष्णता तोवर आत आलेली असते. कडीपाटाच्या फटींतून थंड हवा वरच्या मजल्यावर निसटते, म्हणून एसीच्या खोलीतल्या फटी लाकडी पट्ट्यांनी बंद कराव्यात. चौक मात्र पूर्ण झाकू नये. तापलेली हवा वर निघून जाण्याची वाड्याची वाट तीच आहे.

तिसरी पायरी : किती टन लागतील

दुकानात सहसा १२० चौरस फुटांना एक टन असा सरसकट हिशेब सांगितला जातो. छताखालच्या खोलीला तो कधी कधी लागू पडतो, पण वाड्याच्या तळमजल्यावरच्या माजघराला तो फार जास्त होतो. दोन फुटी भिंती, वर मजला आणि लहान खिडक्या असलेल्या खोलीला त्याच्या निम्मी क्षमताही पुरू शकते. म्हणून खोलीवार हिशेब लेखी मागावा : छताचा प्रकार, भिंतींची जाडी, खिडक्यांची दिशा, माणसे आणि उपकरणे हे सगळे त्यात हवे. असा हिशेब देण्याची तयारी नसलेल्या ठेकेदाराला घराची चावी देऊ नये.

गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटकन गार करून थांबते आणि हवेतला ओलावा तसाच राहतो. पावसाळ्यात अशा खोलीला कोंदट वास येतो आणि लाकडावर बुरशी धरते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर वेग कमी करून हा दोष काही प्रमाणात झाकतो, पण दुप्पट मोठ्या यंत्राची चूक त्यालाही सांभाळता येत नाही. शिवाय घरातल्या सगळ्या खोल्या एकाच वेळी वापरात नसतात. दुपारी बैठकीची खोली आणि रात्री झोपायच्या खोल्या असा वापर धरला तर एकूण क्षमता सर्व खोल्यांच्या बेरजेपेक्षा कमी ठेवता येते.

चौथी पायरी : कोणती पद्धत

पहिली पद्धत डक्टेबल स्प्लिटची. एक यंत्र आणि त्यातून निघणारे डक्ट. स्लॅबचा बंगला, मध्ये पॅसेज आणि दहा फूट किंवा अधिक उंची असेल तिथे ही चांगली बसते. पॅसेजची उंची फूट-दीड फूट कमी करून डक्ट त्यातून न्यावा आणि खोल्यांत दारावरच्या भागातून ग्रिल काढावी, म्हणजे खोल्यांची छते शाबूत राहतात.

दुसरी पद्धत मल्टी-स्प्लिट किंवा व्हीआरएफची. बाहेर एक युनिट आणि आत प्रत्येक खोलीत वेगळे लहान युनिट. भिंतीतून मोठ्या डक्टऐवजी बोटाएवढ्या जाडीचे दोन कॉपर पाइप जातात आणि नको त्या खोलीचे युनिट बंद ठेवता येते. कडीपाटाच्या वाड्यात बहुधा हीच पद्धत योग्य ठरते. घराचे एकच यंत्र असण्याची सोय यातही मिळते, आणि डक्टसाठी लाकडाला हात लावावा लागत नाही.

तिसरी पद्धत डक्टमधून हवा देणाऱ्या मोठ्या कूलरची. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात ती गांभीर्याने विचारात घ्यावी. हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर चांगल्या पॅडचा कूलर हवा २४-२५ अंशांवर आणू शकतो, आणि वीज एसीच्या मानाने फारच थोडी लागते. मात्र खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, पाणी रोज लागते आणि पाऊस सुरू झाला की त्याचा उपयोग संपतो. माडीवरच्या एक-दोन झोपायच्या खोल्या एसीवर आणि बाकी घर कूलरवर ही जोडी पुष्कळ वाड्यांना पुरेशी आहे.

डक्टचे माप आणि वाट

एका टनाला मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा लागते. दीड टनाला ६०० घनफूट. घरात हवेचा आवाज नको असेल तर डक्टमधला वेग मिनिटाला ६०० फुटांच्या आसपास ठेवावा, म्हणजे डक्टचा काटछेद एक चौरस फूट हवा : उदाहरणार्थ ८ इंच बाय १८ इंच. त्याभोवती इन्सुलेशन आणि वर टांगण्याची जागा धरली की छत जवळजवळ एक फुटाने खाली येते. साडेआठ फुटी माजघरात हे परवडत नाही. जागा वाचवण्यासाठी डक्ट अरुंद केला तर हवा शिट्टी वाजवत येते आणि शेवटच्या खोलीपर्यंत पोचत नाही.

हवा परत आणण्याची वाट बऱ्याच घरांत विसरली जाते. दार बंद केलेल्या खोलीत हवा शिरते पण बाहेर पडत नाही आणि खोली गार होत नाही. दाराखाली फट किंवा दारावर जाळी ठेवावी. स्वयंपाकघर, देवघर आणि न्हाणीघर यांतली हवा यंत्राकडे परत ओढू नये. फोडणीचा धूर आणि उदबत्तीची काजळी फिल्टरवर बसते आणि वास घरभर फिरतो. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर तिथला झरोका बंद करू नये. बंद जागेत गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठून प्राण जाऊ शकतात.

पाइप, पाणी आणि आग

भिंतीला भोक पाडताना छिन्नी-हातोडा किंवा ब्रेकर वापरू नये. माती-चुन्याच्या सांध्यातले दगड आणि विटा त्या धक्क्याने सैल होतात. कोअर कटरने दोन-अडीच इंचांचे गोल भोक घ्यावे, बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यावा, आत प्लास्टिकची नळी बसवावी आणि भोवतालची फट चुन्याने भरावी. चुन्याच्या भिंतीत सिमेंट भरले की ओल बाहेर पडण्याची वाट अडते आणि पोपडे धरू लागतात.

यंत्रातून गळणारे पाणी जुन्या घराचा मोठा शत्रू आहे. दीड टनाचे यंत्र दमट दिवसांत तासाला दीड-दोन लिटर पाणी काढते. ड्रेन पाइपला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार द्यावा आणि तो उघड्यावर दिसेल असा न्यावा. यंत्राखाली दुसरी तबकडी आणि पाणी भरले की यंत्र बंद करणारा फ्लोट स्विच बसवावा. कडीपाटाच्या वर न दिसणारी गळती वर्षानुवर्षे चालू राहिली तर वाळवी आणि कुज दोन्ही येतात. काम झाल्यावर तबकडीत बादलीभर पाणी ओतून ते बाहेर कुठे पडते हे डोळ्यांनी पाहावे.

कॉपर पाइपचे सांधे ब्रेझिंगने, म्हणजे ज्योतीने जोडतात. शंभर वर्षे वाळलेल्या सागवानाजवळ ही ज्योत धोक्याची. शक्य तेवढे सांधे अंगणात करून पाइप मग आत न्यावेत. आत करावेच लागले तर लाकडावर ओले गोणपाट टाकावे, अग्निशामक नळकांडे जवळ ठेवावे आणि काम संपल्यावर तासभर तिथे लक्ष ठेवावे. आज घरगुती यंत्रांत सर्रास वापरला जाणारा आर-३२ हा वायू सौम्य ज्वलनशील आहे, म्हणून सांधे तपासण्यात कुचराई नको. नायट्रोजन भरून दाब चोवीस तास टिकतो का हे पाहावे, नंतर व्हॅक्यूम पंपाने पाइपमधली हवा आणि ओलावा काढावा आणि मगच वायू सोडावा. व्हॅक्यूम न करता नुसता वायू सोडून हवा फुंकून देण्याची घाईची पद्धत कॉम्प्रेसरचे आयुष्य कमी करते.

आउटडोअर युनिट आणि वीज

आउटडोअर युनिट चौकात ठेवण्याचा मोह होतो, कारण ते दिसत नाही. पण चौक चारी बाजूंनी बंद असतो. युनिटने फेकलेली गरम हवा तिथेच घोटाळते, युनिट तीच पुन्हा ओढते आणि भोवतालच्या खोल्याही तापतात. मागचे अंगण किंवा इंजिनिअरने मान्य केलेली गच्ची ही योग्य जागा. जुन्या सज्जावर किंवा कठड्यावर ते टांगू नये. खाली रबरी पॅड द्यावेत, म्हणजे कंप भिंतीत उतरत नाही.

गोदाकाठच्या घरांना पुराचाही विचार करावा लागतो. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी काठच्या बाजारपेठांत आणि घरांत शिरले. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून पूर मोजणाऱ्या या शहरात आपल्या घरात पाणी कुठवर आले होते हे वडीलधाऱ्यांना माहीत असते. त्या खुणेच्या वरच युनिट, स्विच आणि विजेचा बोर्ड असावा.

जुन्या वाड्यांतले वायरिंग पंखे आणि दिव्यांच्या हिशेबाने केलेले असते आणि अर्थिंग बहुधा नसते किंवा निकामी असते. चार टनांच्या यंत्राला चार ते पाच किलोवॉट वीज लागू शकते, म्हणजे वीसेक अँपिअर प्रवाह. महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावा आणि गरज असल्यास थ्री-फेज जोडणी मागावी. एसीसाठी बोर्डापासून वेगळी तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी आणि नवे अर्थिंग ही किमान गरज आहे. लाकडी घरात तापलेली वायर म्हणजे आगीचे निमंत्रण, म्हणून या खर्चात काटकसर करू नये.

कोटेशन आणि चाचणी

किमान तीन ठेकेदारांकडून लेखी कोटेशन घ्यावे. त्यात खोलीवार उष्णतेचा हिशेब, डक्ट किंवा पाइपची वाट दाखवणारा नकाशा, पाइपची जाडी व लांबी, वायूचा प्रकार, ड्रेनची व्यवस्था, फोडलेल्या भिंतींची दुरुस्ती आणि हमीची मुदत स्पष्ट असावी. काम थंडीत, नोव्हेंबर ते जानेवारीत करावे. तेव्हा मेकॅनिकांना सवड असते आणि भिंती कोरड्या असतात. अंतिम चाचणी मात्र एप्रिलमधल्या एखाद्या तापलेल्या दुपारी घ्यावी आणि पैशांचा शेवटचा हप्ता तोवर राखून ठेवावा.

वापर आणि निगा

घरगुती एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून देण्याचा नियम १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. छताच्या पंख्याबरोबर २६ अंशही पुरेसे वाटतात, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्यानुसार तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. महावितरणचा दर युनिटांच्या टप्प्यांनुसार वाढत जातो, त्यामुळे वरच्या टप्प्यातले वाचवलेले युनिट सर्वांत महागाचे असते. रात्री बाहेरची हवा गार झाली की यंत्र बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी त्या बंद कराव्यात. जाड भिंती त्या गारव्याचा उपयोग दुपारपर्यंत करून देतात.

उन्हाळ्यात फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवावेत, पावसाळ्यापूर्वी ड्रेन पाइप साफ करावा आणि हंगाम संपल्यावर यंत्र तासभर फक्त पंख्यावर चालवून आतला ओलावा सुकवावा. डक्ट असतील तर ग्रिलमागे उंदरांची जाळी शाबूत आहे का हे पाहावे. वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीच्या साफसफाईत, युनिट आणि पाइप जिथे टेकतात तिथले लाकूड पेचकसाने पुन्हा तपासावे. तिथे ओल किंवा वाळवी आढळली तर कारण सापडून दूर होईपर्यंत यंत्र बंद ठेवावे.